बोट थांबत नाही : मैत्रिणींसोबत समुद्रावरचा एक दिवस



आज कर्ज, व्याज, परतफेड यातलं काही बोलायचं नाही. आज सहलीचं बोलायचं आहे, आणि तेही समुद्राच्या सहलीचं. दिवाळी झाली की गटांच्या बैठकीत हा विषय निघतोच. हिशोब वाचून होतो, सह्या होतात, चहा येतो आणि कोणीतरी म्हणतं, "ताई, एकदा समुद्र बघायचा हाय." बोलणारी बहुतेक वेळा पन्नाशी-साठीची असते. पंढरपूर झालेलं असतं, तुळजापूर, जोतिबा, शिखर शिंगणापूर, शिर्डी सगळं झालेलं असतं. समुद्र तेवढा राहिलेला असतो.

सांगलीहून मालवण साधारण दोनशे किलोमीटर. साताऱ्याहून पावणेतीनशेच्या आसपास. माण, खटाव, जत, आटपाडीकडून आणखी थोडं जास्त. म्हणजे एका रात्रीचा प्रवास. तरीही तो आयुष्यभर जमत नाही, कारण आपल्याकडं समुद्राला नवस बोलत नाहीत. देवाला जायचं म्हटलं की घरातून कोणी अडवत नाही. समुद्र बघायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कशाला?" एका गटातल्या बायकांनी यावर तोडगा काढला होता, घरी सांगायचं गणपतीपुळ्याला जातो. देव पण होतो आणि समुद्र पण. तोडगा वाईट नाही. पण मला विचाराल तर घरी सरळ सांगावं, समुद्र बघायला जातोय, चौदाजणी आहोत, अमुक वाजता परत येतो. एकदा खोटं कारण दिलं की पुढच्या वेळी आणखी एक शोधावं लागतं.

आता एक लांबची गोष्ट. मेक्सिको नावाच्या देशाला कोझुमेल नावाचं एक बेट आहे. तिथं गावाएवढी मोठी पर्यटक जहाजं येतात. सकाळी जहाज धक्क्याला लागतं, हजारो माणसं खाली उतरतात, मित्रमैत्रिणी मिळून टॅक्सी करतात, कोणी पाण्यात मासे बघायला जातं, कोणी बाजारात, कोणी नुसतं वाळूत बसतं. संध्याकाळी ठरल्या वेळी जहाज निघतं. जहाजाच्याच कंपनीकडून घेतलेली सहल असेल तर तिच्यासाठी जहाज सहसा थांबतं. स्वतःच्या मनानं भटकायला गेलेल्यांसाठी थांबत नाही. जो राहिला त्यानं आपल्या खर्चानं पुढचं बंदर गाठायचं. त्यामुळं त्या लोकांना एक शिस्त असते. उतरायच्या आधीच त्यांचं ठरलेलं असतं, या सात-आठ तासांत काय करायचं आणि काय सोडून द्यायचं.

हे आपल्याकडं नवीन आहे असं समजू नका. २०१८ साली मुंबई-गोवा अशी 'आंग्रिया' नावाची पर्यटक बोट सुरू झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून मोठे फोटो आले होते. पण त्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आगबोटी जायच्या. बऱ्याच बंदरांत बोट किनाऱ्याला लागायचीच नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि मचवे जाऊन माणसं उतरवून आणायचे. पोरंबाळं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या सगळं हलत्या मचव्यातून. तिथंही तेच, बोट फार वेळ थांबायची नाही.

आपली चौदाजणींची सहल या दोन्हींसारखीच आहे. रात्रीची गाडी हे आपलं जहाज. सकाळी मालवणला उतरायचं आणि संध्याकाळी पुन्हा गाडीत बसायचं. मधले आठ-नऊ तास आपले. ते चांगले गेले की नाही, हे मालवणला ठरत नाही. महिनाभर आधी बैठकीत ठरतं.

पहिल्यांदा महिना ठरवा. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी वाहतूक आणि पाण्यातले खेळ बंद असतात. पावसाळ्यातला समुद्र बघायला छान दिसतो, त्यात जायचं मात्र नसतं. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो, ऊन सोसवतं. नाताळचा आठवडा तेवढा सोडा, गर्दीही असते आणि दरही चढलेले असतात. मालवणजवळ आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये भरते. तिची तारीख देवीच्या कौलानं ठरते. जत्रेलाच जायचं असेल तर वेगळं, नाहीतर त्या दिवसांत रस्ते भरलेले असतात. आता आपल्याकडचं बघा. तासगावच्या बायकांना नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये द्राक्षाची विरळणी असते, पुढं काढणी आणि बेदाणा. माणमध्ये ज्वारीची काढणी. वाळवा-कराडकडं ऊस. प्रत्येक गटाचा मोकळा आठवडा वेगळा असतो. शेजारच्या गटाची तारीख उचलून चालत नाही.

मग वार. हसू नका, वारावरून सहली मोडलेल्या आहेत. मालवणात जाऊन सुरमई खायची इच्छा आणि निघालो गुरुवारी. निम्म्याजणींचा गुरुवार, दोघींचा शनिवार, एकीची संकष्टी. प्रत्येकीचे वार विचारून घ्या, मंगळवार-बुधवार बहुतेक निघतो. शाकाहारी बायकांची चिंता करू नका. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, घावणे, सोलकढी, यावर पोटभर जेवण होतं. आणि मासे खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, मोठी सुरमई, खेकडा, शेवंड यांचा दर कधी कधी कार्डावर लिहिलेला नसतो, 'आकाराप्रमाणे' असं लिहिलेलं असतं. मासा तव्यावर पडायच्या आधी किंमत विचारायची. नंतर विचारून उपयोग नाही.

वारानंतर तिथी. यात आपण शहरातल्या बायकांच्या पुढं आहोत, कारण आपल्याला तिथी तोंडपाठ असते. भरती-ओहोटी चंद्रावर चालते हे शाळेत शिकलो. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज साधारण पाऊण तासानं वेळ पुढं सरकते. कोकणातल्या लोकांचा जुना हिशोब आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. सकाळी ज्या वेळी भरती, जवळपास त्याच वेळी रात्री पुन्हा, आणि मध्ये सहा तासांवर ओहोटी. हा अंदाज आहे, मिनिटाचा हिशोब नाही. नक्की वेळ बंदरावर विचारली की सांगतात.

याचा उपयोग काय? पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप आत ओढतं. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो. पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या बायकांना घेऊन जायचं तर मी सप्तमी ते नवमीतला दिवस धरते. आणि कुठल्याही दिवशी, पाणी आत जायला लागलं की, म्हणजे ओहोटी सुरू झाली की, पाण्यात उतरायचं नाही. परत जाणारं पाणी पायाखालची वाळू घेऊन जातं. आपण विहिरीत पोहलेल्या, कॅनॉलमध्ये पोहलेल्या, म्हणून धीट असतो. पण कॅनॉलचं पाणी एकाच दिशेला ओढतं. समुद्राचं तसं नाही. गुडघ्याच्या वर जायचं नाही, एकमेकींचे हात धरायचे आणि लाटेकडं पाठ करायची नाही. फोटोसाठी सगळ्या पाठ करून उभ्या राहतात आणि नेमकी तेव्हाच मोठी लाट येते. नऊवारी भिजली की तिचं वजन इतकं होतं की पडलेल्या बाईला एकटीला उठता येत नाही. पाण्यात जायचं असेल तर पंजाबी ड्रेस बरा. सासूबाईंनी कधी घातला नसेल तर सुनेचा एक जोड पिशवीत टाकायचा. मालवणात कोण ओळखतंय?

पैशांचं बोलू. सहलीसाठी गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. तिथं मी कडक आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि लेखे, या पंचसूत्रीवर बँक आपल्याला जोखते. गटाच्या खात्यातून एकदम रक्कम निघाली आणि तिची नोंद 'सहल' अशी दिसली, तर पुढच्या कर्जाच्या वेळी उत्तर द्यायला आपणच बसतो. सहलीची वेगळी वही, वेगळी पेटी. समजा महिन्याला दीडशे रुपये, दहा महिने, तर एकीचे दीड हजार होतात. चौदाजणींचे एकवीस हजार. एखादीला जमलं नाही तर तिनं मागं राहायचं का? काही गट कमी जमलेलीला गटातून कर्ज देतात. मला ते पटत नाही. सहलीचं व्याज भरताना सहल कडू होते. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून खर्च कमी करावा, चपात्या-चटणी-दशम्या घरून न्याव्यात, म्हणजे एका वेळचं जेवण वाचतं.

१७ मार्च २०२३ पासून एसटीच्या गाड्यांत महिलांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना तिकीटच नाही, फक्त आधार कार्ड जवळ हवं. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, गोव्याच्या गाडीत बसलात तर हद्दीपुढचं पूर्ण भाडं. आता कोणी म्हणतं, खासगी गाडी करू, दारातून दारात. चौदाजणींना ती सोयीची वाटते. पण भाडं विचारताना डिझेल, टोल, घाटातला रस्ता, चालकाचं जेवण आणि रात्रीचा भत्ता कोणाकडं, हे विचारून वहीत लिहा. आणि एसटीचं अर्धं तिकीट शेजारी मांडून बघा. फोंडा घाट किंवा गगनबावड्याकडून उतरायचं असतं, रात्रीचे घाट, त्यामुळं चालक झोप झालेला असावा ही अट पैशाच्या आधी घाला. ज्या गाडीवाल्याला ही अट ऐकून राग येतो त्याची गाडी करू नका.

पैसे दोघींकडं ठेवायचे, दोन वेगळ्या पिशव्यांत. तिसरीकडं फक्त वही. मोबाईलवरून पैसे देणारी एकजण ठरवा, पण थोडी रोकड ठेवाच, किनाऱ्यावर रेंज असेलच असं नाही.

आता मालवणला पोचलो. सकाळी गाडीतून उतरल्यावर पहिलं काम स्वच्छतागृह, दुसरं नाश्ता. लाजून सांगत नाही, कारण बायका याच्या भीतीनं दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन बसतात. बसस्थानकावर किंवा नाश्त्याच्या हॉटेलात उरकून घ्या, मगच बंदरावर जा. पाळी आली म्हणून कोणी मागं राहायचं कारण नाही, पिशवीत जास्तीचे पॅड ठेवले की झालं. नाश्ता हलका करायचा. उपाशी पोटी बोट जास्त लागते. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी बोटीत मधोमध बसावं आणि जवळच्या पाण्याकडं न बघता लांब क्षितिजाकडं बघावं. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या प्रत्येकीनं आपल्या कनवटीला बांधल्यासारख्या जवळ ठेवाव्यात, गाडीत ठेवलेल्या सामानात नाही.

बंदरावर एक गोष्ट तेवढी माझ्यासाठी ऐका. जॅकेट.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली. वीसजण होते, दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. शंभराहून जास्त माणसं होती, डझनापेक्षा अधिक गेली. कित्येकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्यानंतर गेटवेवरच्या बोटींवर जॅकेटची सक्ती झाली. आणि फार मागं जायचं तर १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला महिना राहिला असताना, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. जुन्या कोकणी घरांत अजूनही तिची आठवण निघते. घाबरवायला सांगत नाही. किल्ला दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे आणि रोज असंख्य माणसं जाऊन येतात. पण "एवढंसं तर अंतर आहे" म्हणून जॅकेट मांडीवर ठेवलेली बाई मला चालत नाही.

ते घालायची पद्धत आहे. आधी पदर कमरेला घट्ट खोचायचा, मग जॅकेट, मग सगळे पट्टे लावायचे. नुसतं अडकवून उपयोग नाही. शेजारणीनं जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढून बघायचे. ते कानापर्यंत आलं तर ढिलं आहे, पट्टे आवळा. पाण्यात पडल्यावर ढिलं जॅकेट वर तरंगतं आणि माणूस खाली राहतं. बोटीवर किती माणसं बसवायची तो आकडा लिहिलेला असायला हवा, तो वाचा. जागा नसेल तर पुढच्या बोटीनं जा. चौदाजणी दोन बोटींतून गेल्या तर काही बिघडत नाही. एकत्रच बसायचं या हट्टापायी कोणी काठावर बसू नये.

प्रत्येकीची जोडीदार ठरलेली हवी. मोजायला सोपं जातं, चौदा डोकी मोजण्यापेक्षा सात जोड्या मोजायच्या. "माझी जोडीदार कुठाय?" एवढंच प्रत्येकीनं बघायचं. बोटीत बसताना बोटीच्या नावाचा फोटो काढा, कारण किल्ल्यावर साधारण तासभर मिळतो आणि त्याच बोटीनं परत यायचं असतं. मग चौदाजणी धक्क्यावर "आमची बोट कुठली?" करत फिरतात. कोझुमेलच्या माणसांचं आणि आपलं इथं अगदी सारखं आहे.

एका तासात किल्ला पुरा होत नाही, म्हणून काय बघायचं ते सांगते. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं. कुरटे नावाचं खडकाळ बेट, जवळपास ४८ एकर. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं. बोट जवळ जाते तेव्हा दरवाजा शोधून बघा. दिसणार नाही. तटाच्या वळणात तो असा लपवला आहे की अगदी समोर गेल्यावरच सापडतो. आत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे, तिथं महाराजांची मूर्ती आहे आणि तिला दाढी नाही. बायका हमखास विचारतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझ्या मते बघण्यासारखं सगळ्यांत मोठं काही असेल तर त्या तीन विहिरी, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं पाणी. माण आणि जतच्या बायका तिथं गप्प होतात. टँकरची वाट बघितलेली बाई विहिरीत डोकावून बघते तेव्हा तिला इतिहास वेगळा सांगावा लागत नाही. किल्ल्यात काही कुटुंबं अजून राहतात, त्यांच्याकडं लिंबू सरबत, कोकम सरबत मिळतं. तासातली पंधरा मिनिटं तिथं सावलीत बसायला ठेवा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात हा सिंधुदुर्ग आहे आणि आपला साताऱ्याचा प्रतापगडही आहे.

दुपारनंतर तारकर्ली-देवबाग. कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम तिथं आहे. खेळवाले तिथंच गाठतात. पाच खेळ इतक्या रुपयांत, सात खेळ इतक्यात. हे सगळं एकदम घेऊ नये असं माझं मत आहे. प्रत्येक खेळ चार-दोन मिनिटांचा आणि रांग अर्ध्या तासाची, दिवस रांगेत जातो. एकच काहीतरी निवडा. पाण्याखालचं जग बघायची हौस असेल तर नळी लावून वरून मासे बघता येतात. त्याहून खोल जायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था आहे, तिथं आधी चौकशी करा. दमा, हृदयविकार, बीपी असणारीनं खोल जायचं नाही, आणि हे विचारल्याशिवाय जो पाण्यात उतरवायला निघतो त्याच्याकडं जायचं नाही. ठरवताना चारच गोष्टी तोंडानं वदवून घ्या. दर माणशी की बोटीमागं, किती मिनिटं, जॅकेट त्यात धरलं का, आणि फोटोचे पैसे वेगळे का. सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं की उत्तर नीट येतं.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्यामुळं प्रवाळ तोडायचं नाही, आणि विकतही घ्यायचं नाही. किनाऱ्यावरच्या गावांत 'इंद्रजाल' म्हणून एक जाळीदार काळं झाड विकायला असतं, फ्रेम करून घरात लावलं की नजर लागत नाही असं सांगतात. ते झाड नाही, समुद्रातला प्राणी आहे, प्रवाळाच्या जातीचा. वन्यजीव कायद्यानं त्याला वाघाइतकं संरक्षण आहे. ते बाळगणं गुन्हा आहे. नजर उतरवायला आपल्याकडं मीठ-मोहरी आहेच. खरेदी करायची तर मालवणी खाजं घ्या, कोकम घ्या, मसाला घ्या, तेही बाजारात तीन दुकानं फिरून. गाडीवाला "इथंच चांगलं मिळतं" म्हणून एकाच दुकानासमोर गाडी उभी करत असेल तर समजून जा. जगभरच्या बंदरांवर हीच रीत आहे.

ज्या गटांना एवढी धावपळ नको त्यांच्यासाठी दुसरी जागा सांगते. वेंगुर्ल्याला मांडवी खाडी आहे. तिथं स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात. आपल्यासारखाच बचत गट. बोट त्याच वल्हवतात, झाडांची माहिती त्याच सांगतात. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात उगवणारी झाडं. त्यांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, कारण ती श्वास घेतात. वादळात लाटा अडवतात आणि माशांची पिल्लं त्यांच्यात वाढतात. खाडीचं पाणी शांत, त्यामुळं म्हाताऱ्या बायकांनाही भीती वाटत नाही. आधी फोन करून, पाण्याची वेळ विचारून जायचं. आपल्या बायकांनी तिथं फक्त झाडं बघून परत येऊ नये. विचारावं, पहिली बोट कशी घेतली, पाळ्या कशा लावता, पाऊस सुरू झाल्यावर चार महिने काय करता, घरच्यांनी काय म्हटलं. शेवटच्या प्रश्नाला दोन्हीकडच्या बायका हसतात, मग गप्पा सुरू होतात. पण मालवण आणि वेंगुर्ला एका दिवसात बसवू नका. दोन्ही ठिकाणी उतरल्यासारखं होतं आणि कुठंच बसल्यासारखं होत नाही.

निघायची वेळ ठरवताना सूर्यास्त धरा. मूळ सहल समुद्र बघण्यासाठी आहे, तर सूर्य पाण्यात जाताना बघूनच निघावं. थंडीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य बुडतो. साडेसहाला सगळ्या गाडीपाशी, सात जोड्या मोजून. एखादीचं पाऊल निघत नाही. एका गटात सत्तरीच्या आजी होत्या, वाळूत बसल्या त्या उठेनात. सुनेनं दोनदा हाक मारली. त्या म्हणाल्या, "अगं, हे रोज असंच चालू असतं व्हय, आपण नसताना पण?" सून पण मग शेजारी टेकली. दहा मिनिटं गाडी थांबली. गाडी आपली होती म्हणून थांबली, किल्ल्याची बोट थांबली नसती. म्हणून बोटीचं काम सकाळी आणि वाळूत बसायचं काम संध्याकाळी ठेवावं.

परत आल्यावर पुढच्या बैठकीत सहलीची वही मोठ्यानं वाचा. कोणी किती भरले, कुठं किती गेले, उरले किती. ज्या आल्या नाहीत त्यांच्यासमोर वाचा, म्हणजे पुढच्या वर्षी त्या नाव लिहितात. उरलेले पैसे वाटून घेऊ नका, तीस-चाळीस रुपये हातात येऊन कुठं जातात कळत नाही. त्याच पेटीत ठेवा आणि त्याच बैठकीत पुढच्या महिन्याचे दीडशे गोळा करायला सुरुवात करा.